रावजीआण्णांचा गुलाबी कमोड

घोटीत भाताच्या गिरण्या पुष्कळ होत्या, पण रावजीआण्णांच्या गिरणीचा भोंगा वाजला की लोक त्यावर घड्याळं लावायचे. आण्णांच्या आजोबांनी शाळेला जागा दिली होती, वडिलांनी मारुतीपुढे सभामंडप बांधला होता. स्वतः आण्णांनी अजून काही दिलं नव्हतं, तरी जत्रेत कुस्त्यांच्या फडात पहिली खुर्ची त्यांचीच असायची. अडचण एवढीच की बाकीच्या गिरणीवाल्यांच्या खुर्च्या त्या पहिल्या खुर्चीला अगदी चिकटून मांडलेल्या असत. लांबून बघणाऱ्याला पहिली कुठली नि दुसरी कुठली ते कळायचं नाही. आण्णांना हे फार खुपायचं.

ब्याण्णव साली आण्णा गिरणीच्या शिडीवरून घसरले आणि उजवा गुडघा धरून बसले. नाशिकच्या डॉक्टरांनी पाय वरखाली करून पाहिला आणि सांगितलं, "उकिडवं बसणं बंद. घरी खुर्चीचा संडास करून घ्या."

"संडासात खुर्ची?" मंगलाबाई म्हणाल्या. त्या आण्णांच्या पत्नी. "मग काय तिथं बसून पेपर वाचायचा?"

"वाचतात काही लोक," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

नाशिकच्या दुकानात पांढरा कमोड शिल्लक नव्हता. एक गुलाबी होता. कुण्या मोठ्या बंगलेवाल्यानं मागवला होता, मग तो फिरकलाच नव्हता. आण्णांनी तो घेतला, भाताच्या पेंढ्यात गुंडाळून टेम्पोत घातला आणि स्वतः त्याच्या शेजारी बसून घोटीला आणला. टेम्पो दारात थांबला तेव्हा अर्धी बाजारपेठ गोळा झाली होती. पेंढा बाजूला केल्यावर जो गुलाबी रंग उजळला, तो पाहून कुणीतरी नमस्कारच केला.

कोंडाजी गवंड्यानं असली वस्तू जन्मात बसवली नव्हती. त्यानं बराच विचार केला आणि आधी एक चौथरा बांधला, त्याला दोन पायऱ्या केल्या आणि वर कमोड बसवला. "मोठ्या माणसाची वस्तू, आण्णा," तो म्हणाला. "जमिनीला कशी टेकवायची?" आण्णांना ते पटलं. त्यांनी भिंतींना पार छतापर्यंत पांढऱ्या फरश्या लावून घेतल्या. पुढचा महिनाभर पाहुणे यायचे, चहा प्यायचे आणि उठता उठता म्हणायचे, "जरा ते दाखवता का?"

पुढच्या हिवाळ्यात एक मंत्री मुंबईहून नाशिकला कसल्याशा उद्घाटनाला निघाले होते. कसारा घाटात त्यांच्या पोटात कळ आली. इगतपुरीला ते धीर धरून होते. "आता काय, नाशिक आलंच," असं म्हणाले. घोटीच्या अलीकडे धीर सुटला. साहेबांचेही गुडघे गेलेले होते, त्यामुळे साधी जागा चालणार नव्हती. फौजदार धापा टाकत आण्णांच्या ओसरीवर आला.

"आण्णा, तुमच्याकडं तो आहे ना?"

"कोण तो?"

"तो हो," फौजदारानं आवाज खाली आणला. "गुलाबी."

साहेब आत गेले तेव्हा त्यांनी कुणाकडे पाहिलंदेखील नाही. बाहेर आले ते मात्र निराळेच होऊन. चेहऱ्यावर अशी काही शांती होती की मंगलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. आण्णांनी हात पुसायला स्वच्छ नॅपकिन पुढे केला. साहेबांनी आण्णांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "फार बरं वाटलं हो तुमच्याकडे. फार म्हणजे फारच."

तेवढ्यात शेजारचा काळू कॅमेरा घेऊन आला. त्याचा गावात फोटो स्टुडिओ होता. फोटो निघाला. आण्णांना काय सुचलं कोण जाणे, ते सहज बोलून गेले, "साहेब, आमच्याकडं गुरांच्या दवाखान्याला डॉक्टर नाय." साहेब म्हणाले, "पाठवतो." आणि खरंच, पंधरवड्यात डॉक्टर आला.

मुंबई-नाशिक रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या माणसांच्या स्वीय सहायकांत ही बातमी कशी पसरली ते ठाऊक नाही, पण पसरली. घोटी आलं की गाड्यांचा ताफा वळायचा. मंत्री यायचे, सचिव यायचे, एकदा एक निवृत्त न्यायाधीश आले. ते आत इतका वेळ राहिले की मंगलाबाईंनी चहा दोनदा गरम केला. प्रत्येकाला आण्णा आधी वाट मोकळी करून देत, नंतर नॅपकिन देत, मग काळू फोटो काढी आणि मग आण्णा गावाचं काम सांगत. कामं व्हायची. एसटीचा जादा थांबा झाला, शाळेला दोन शिक्षक मिळाले, देवळाच्या वाटेवर दिवे लागले. आण्णांनी त्यावरून एक नियमच काढला होता. ओसरीवर अर्ज घेऊन बसलेल्या लोकांना ते बजावायचे, "जाणाऱ्याला अडवायचं नाय, येणाऱ्याला सोडायचं नाय."

गावातल्या त्यांच्या मानाला आता तोडच राहिली नाही. कुस्त्यांच्या फडात पहिली खुर्ची आणि दुसरी खुर्ची यांत आता एक माणूस आडवा झोपेल एवढं अंतर पडलं. लग्नात माइकवरून सत्काराची नावं पुकारताना पहिलं नाव रावजीआण्णांचं. हळदीकुंकवाला गेल्या तर पहिली ओटी मंगलाबाईंची. गुलाबी संडासाला आण्णांनी भलंमोठं कुलूप घातलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. घरच्यांना तिथं जायची परवानगी नव्हती. ज्या गुडघ्यापायी सगळं झालं होतं, तो गुडघा घेऊन आण्णा स्वतः परसातल्या जुन्या जागी जात आणि कण्हत परत येत.

"आवो, गुडघा तुमचा का मंत्र्याचा?" मंगलाबाई विचारत.

"माणसं प्रेमानं येत्यात," आण्णा म्हणत. "त्यांची जागा आपण वापरायची?"

आणि त्यांना ते मनापासून वाटत होतं. एवढी मोठी माणसं आपल्याला भेटायला थांबतात. आता थांबल्यावर आत जातातही, पण तो तर आपलेपणा झाला. परक्याच्या घरी कोणी संडासाला जातं का?

सत्त्याण्णवला आण्णांचा एकुलता मुलगा अमित याचं लग्न ठरलं. मुलगी नाशिकची, इंदिरानगरात राहणारी, बी. कॉम. झालेली प्रतिभा. तिचे वडील घर पाहायला आले, बैठकीच्या भिंतीवर ओळीनं लावलेले फोटो त्यांनी पाहिले आणि मुलाचं शिक्षण विचारायचं विसरून गेले.

प्रतिभा लग्न होऊन आली. पहिल्याच आठवड्यात फोटो पुसता पुसता ती थांबली आणि तिनं नवऱ्याला हाक मारली.

"अहो, एक विचारू? या सगळ्या पाहुण्यांच्या हातात नॅपकिनच कसा?"

अमितचे कान लाल झाले. "हळू बोल," तो म्हणाला.

"आणि सगळे असे हसतायत कशाला? कुणाला बक्षीस मिळाल्यासारखे?"

अमितनं दार लोटून तिला सगळं सांगितलं. प्रतिभा आधी उशीत तोंड खुपसून हसली. मग तिनं विचारलं, "आणि आण्णांना?"

"आण्णांना वाटतं, भेटायला येतात. गावाला सगळं माहीत आहे. पण कोण सांगणार? कामं होतायत."

मग प्रतिभाही गप्प राहिली. नव्या सुनेनं सासऱ्याला सांगावी अशी ती गोष्टच नव्हती.

घोटीत गोटीराम नावाचा एक माणूस होता. तरुणपणी तो आण्णांच्या गिरणीत पोती वाहायचा. मग त्यानं महामार्गाच्या कडेला भज्यांची गाडी लावली. भजी चांगली व्हायची. गाडीची टपरी झाली, टपरीची खानावळ झाली आणि दोन हजार तीन साली गोटीरामनं रस्त्यालगत दुमजली 'हॉटेल हिरवाई' उभं केलं. पुढे गाड्या लावायला मोकळं मैदान, आत गार हवेची खोली आणि मागे ओळीनं सहा कमोड. पांढरे. सपाट जमिनीवर. आत लिंबाचा वास.

त्या साली ताफे घोटीत वळायचे बंद झाले.

आण्णांनी आधी फारसं मनावर घेतलं नाही. ताफ्याच्या भोंग्याचा आवाज आला की ते टोपी घालून ओसरीवर उभे राहायचे. आवाज जवळ यायचा आणि तसाच पुढं निघून जायचा. "घाईत असतील," ते म्हणायचे. मग म्हणायला लागले, "राजकारण लय बिघडलंय. आता जुन्या संबंधांना कोण इचारतो." मग त्यांनी संडासात गरम पाण्याचा गिझर बसवला. मग पंखा बसवला. मग एक छोटा रेडिओ. शेवटी त्यांनी महामार्गावर फाट्यापाशी पाटीच लावली: 'रावजीआण्णा यांचे निवासस्थान. मान्यवरांचे स्वागत असो.' खाली बाण. त्या बाणाच्या भरवशावर एक ट्रक ड्रायव्हर तेवढा आला. त्यालाही आण्णांनी नॅपकिन दिला.

गावानंही बदल ओळखला. कुस्त्यांच्या फडात आण्णांच्या खुर्चीशेजारी गोटीरामची खुर्ची आली, आणि पुढच्या जत्रेला ती शेजारून थोडी पुढे सरकली. लग्नाच्या माइकवर आधी गोटीरामचं नाव पुकारलं गेलं. आण्णा त्या दिवशी न जेवता घरी आले.

शेवटी एका दुपारी त्यांनी मुंबईला फोन लावला, त्या पहिल्या मंत्र्यांकडे. साहेब आता माजी झाले होते. फोन त्यांच्या सहायकानं घेतला. आण्णांनी घरच्यांनाही ऐकू जावं म्हणून फोनचा स्पीकर चालू ठेवला होता.

"मी रावजी बोलतोय. घोटीहून."

"कोण रावजी?"

"घोटीचे. साहेब आमच्याकडं लय येळा थांबलेत."

"घोटी... हां, हां! एक मिनिट." सहायक बाजूला कुणाशी तरी बोलला आणि परत आला. "साहेब विचारतायत, अजून आहे का?"

आण्णांनी टोपी सारखी केली. "आहे तर! सांगा साहेबांना. जरा गुडघा दुखतो, बाकी ठणठणीत!"

"गुडघा नाही हो," सहायक म्हणाला. "कमोड! कमोड आहे का अजून, असं विचारतायत."

अमित छताकडे पाहू लागला. आण्णांनी फोन ठेवला, म्हणजे ठेवायचा प्रयत्न केला. तो दोनदा बाजूला पडला.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी मंगलाबाईंना विचारलं.

"आख्ख्या घोटीला ठावं व्हतं," मंगलाबाई म्हणाल्या. बोलून गेल्यावर त्यांनाच वाईट वाटलं. "पण चहा पिऊन जायचेच की. चहा काय त्यांना दुसरीकडं मिळत नव्हता?"

आण्णांनी करगोट्याची किल्ली सोडली, जमिनीवर टाकली आणि माडीवर जाऊन पांघरूण ओढून घेतलं. मंगलाबाईंनी किल्ली उचलली. थोडा वेळ त्या ती हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग बारा-तेरा वर्षांत पहिल्यांदा त्या दोन पायऱ्या चढून गेल्या, आणि रेडिओवरचा सगळा कामगार सभेचा कार्यक्रम ऐकूनच खाली उतरल्या.

आण्णा पुढे कित्येक दिवस माडीवरून उतरले नाहीत. जेवण वर जायचं, ताट खाली यायचं. गिरणी अमित बघत होता.

घोटीचा बाजार शनिवारी भरायचा. आण्णांच्या दारासमोरच भागीबाई पालेभाजी घेऊन बसायची. पहाटे चालत यायची, अंधार पडायच्या आत परत जायची. त्या शनिवारी प्रतिभा मेथी घ्यायला गेली तर भागीबाईचं तोंड ओढलेलं.

"काय झालं भागीबाई? बरं नाही का?"

"बरी हाय. पर सकाळधरनं..." भागीबाईनं बाजारावर नजर फिरवली. "आता कुठं जाणार वैनी? समदीकडं माणसं. म्हणून तर मी बाजाराच्या दिशी पानीच पीत नाय."

प्रतिभानं तिला घरात नेलं आणि मंगलाबाईंकडून किल्ली घेतली. भागीबाई बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरही तीच शांती होती, जी भिंतीवरच्या ओळीनं लावलेल्या फोटोंत होती. तिनं जाऊन शेजारच्या मिरचीवालीला सांगितलं. मिरचीवालीनं मासळीवालीला.

पुढच्या शनिवारी आण्णांना माडीवर खालची गडबड ऐकू आली. त्यांनी खिडकीतून पाहिलं. ओसरीवर माणसं! दारापासून रस्त्यापर्यंत रांग! आण्णांच्या अंगात एकदम वारं आलं. त्यांनी कोट चढवला, टोपी घातली, मिशीवरून हात फिरवला आणि जिना उतरले.

"बोला," ते ओसरीवर येऊन म्हणाले. "एकेक जण बोला. काय काम काढलं?"

रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावू लागल्या. भागीबाई पुढेच होती. ती म्हणाली, "आण्णा, काम आमचं आम्हीच करू. तुमी फकस्त वाट सोडा."

आण्णा बाजूला झाले. रांग पुढे सरकली. प्रत्येक बाई दोन पायऱ्या चढून जाई आणि खाली आली की त्यांना हात जोडी. आण्णांना आधी राग आला, मग लाज वाटली, मग ते नुसतेच बघत बसले. मासळीवाली बाहेर आली आणि म्हणाली, "देव तुमचं भलं करो आण्णा." आजवर इतके मंत्री येऊन गेले, असं कुणीही म्हणालं नव्हतं.

संध्याकाळी ते माडीवर गेले नाहीत, खालीच जेवले.

असे दोन महिने गेले आणि टाकी भरली. एका माणसाच्या गुडघ्यासाठी बांधलेली टाकी ती, सगळ्या बाजाराला कुठून पुरणार? ज्या शनिवारी ती भरली, त्या शनिवारी घरातल्या सगळ्यांनी जेवणं शेजारी केली. कोंडाजी गवंडी नाकाला रुमाल बांधून पाहून गेला आणि म्हणाला, "आण्णा, ह्या वस्तूचं वय झालं. आता बाजारात निराळं बांधून घ्या. सरकारी."

"आण्णा, ते ग्रामपंचायतीच्या हातात नाही," अमित म्हणाला. "वरून मंजुरी लागते. मंत्र्याची सही लागते."

"मंत्री आता इथं कुठं थांबतात?" प्रतिभा म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णांनी कोट घातला, प्रतिभाकडून अर्ज लिहून घेतला आणि हॉटेल हिरवाईकडे निघाले. तिथं पाय ठेवायचा नाही अशी त्यांनी मारुतीपुढे शपथ घेतली होती. वाटेत देऊळ लागलं तेव्हा त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

गोटीराम गल्ल्यावरून धावत आला आणि आण्णांच्या पाया पडला. स्वतः खुर्ची पुसली, भजी मागवली. मग समोर बसून हळूच म्हणाला, "आण्णा, बरं झालं आलात. एक इचारायचं व्हतं. तुमच्याकडं मोठी माणसं थांबायची, फोटो काढायची, हातात हात घ्यायची. माझ्याकडं थांबत्यात, पैसे टाकत्यात नि जात्यात. नमस्कार बी नाय. मी काळूला रोज बसवून ठेवतो, त्याचा रोल तसाच. माझं काय चुकतं?"

आण्णांनी कोपऱ्याकडे पाहिलं. काळू खरंच तिथं कॅमेरा मांडीवर घेऊन पेंगत होता. आण्णांना बरं वाटलं. किती तरी महिन्यांनी इतकं बरं वाटलं.

"पैसे घेतोस, तिथंच चुकतं," ते म्हणाले. "पैसे दिले की माणूस मोकळा झाला. तो कशाला नमस्कार करील?"

तेवढ्यात भोंगा वाजला. ताफा मैदानात वळला. तरुणसे एक मंत्री गाडीतून उतरले आणि कुणाकडेही न बघता सरळ मागे गेले. गोटीराम हार घेऊन धावणार तोच आण्णांनी त्याचं मनगट धरलं.

"जाणाऱ्याला अडवायचं नाय."

दोघं दाराबाहेर उभे राहिले. आण्णांच्या एका हातात अर्ज, दुसऱ्या हातात गल्ल्यावरचा स्वच्छ नॅपकिन. आत पाण्याचा आवाज झाला. गोटीराम पुढे सरकला, आण्णांनी मागे ओढलं. दार उघडलं. साहेब बाहेर आले, हात धुतले, आणि आण्णांना तो जुना ओळखीचा चेहरा दिसला. हा चेहरा कधी आपल्यासाठी नव्हता, हे त्यांना आता उघड दिसत होतं. पण तो वाईट चेहरा नव्हता. त्यांनी नॅपकिन पुढे केला.

"बरं वाटलं ना साहेब?"

"फार," साहेब हात पुसत म्हणाले. "कसाऱ्यापासून जीव नुसता टांगणीला लागला होता."

"कसारा ते घोटी म्हंजे किती, अर्धा-पाऊण तास. आमच्या बाजारातल्या बाया सकाळी येत्यात, संध्याकाळी जात्यात. मधी काय सोय नाय. म्हणून पानीच पीत नायत." आण्णांनी अर्ज पुढे केला. "आत्ता तुम्हाला कळंल साहेब. तासाभरानं नाय कळायचं."

साहेबांनी आण्णांकडे पाहिलं. मग अर्जाकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे पाहिलं. त्यांनी सहायकाचं पेन मागून घेतलं आणि उभ्या उभ्या लिहिलं, 'तातडीने मंजूर करावे', आणि सही केली. काळू जागा झाला आणि फोटो निघाला. फोटोत गोटीराम मध्यभागी आला, कारण तो शेवटच्या क्षणी उडी मारून मध्ये शिरला.

सरकारी तातडी म्हणजे वर्ष लागलं. बाजाराच्या टोकाला बायकांसाठी चार खोल्यांची पक्की इमारत झाली. फरश्या गोटीरामनं दिल्या, सही आण्णांनी आणली होती. उद्घाटनाला मंत्री येणार होते. ते बैठकीत अडकल्याचा निरोप ऐन वेळी आला. शनिवार होता, बाजार भरलेला होता, दाराला लाल फीत लावलेली होती, आणि नारळ कुणी फोडायचा हा प्रश्न उभा राहिला.

"आण्णा, तुम्हीच फोडा," गोटीराम म्हणाला. "तुमचं घराणं मोठं."

"नाय गोटीराम, तू फोड. आता मोठा तू हायेस."

"छ्या, छ्या! मी तुमच्या गिरणीत पोती वाहिलीत. मान तुमचा."

"फरश्या तुझ्या. मान तुझा."

असं बराच वेळ चाललं. गावातली मंडळी कौतुकानं ऐकत होती. काय ही नम्रता! मग झालं असं, की दोघांनाही एकाच वेळी वाटलं, आता फार ताणू नये, आणि दोघंही एकदमच म्हणाले, "बरं, एवढा आग्रह आहे तर..." आणि दोघांनीही नारळाला हात घातला.

नारळ कुणीच सोडेना. आण्णा हसत होते, गोटीराम हसत होता, आणि दोघांच्या हाताच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. आण्णांकडचे म्हणाले, सही नसती तर इमारत कुठली. गोटीरामकडचे म्हणाले, सही झाली कुणाच्या हॉटेलात? सरपंच मध्ये पडायला गेले आणि त्यांचा फेटा सुटला. कुणी म्हणालं, दोन नारळ आणा. कुणी म्हणालं, आधी कुठला फोडायचा? अमित आणि कोंडाजी गवंडी दोन्हीकडच्यांना आवरत होते आणि दोन्हीकडच्यांच्या शिव्या खात होते.

भागीबाई भाजीची पाटी घेऊन पहाटेपासून बसली होती. आज नवीन सोय होणार म्हणून घरून ती दोन तांबे पाणी पिऊन निघाली होती.

"आवो, फोडा की लवकर," ती गर्दीतून ओरडली. कुणी ऐकलं नाही.

"आरं, डोकं फोडा, पर काय तरी फोडा!"

तरी कुणी ऐकलं नाही. तेव्हा भागीबाईनं पाटी मिरचीवालीकडे दिली, वाकून लाल फितीखालून आत गेली आणि कडी लावली.

कडीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. भांडण जागच्या जागी थांबलं. नारळ धरून दोघं, हातात सुटलेला फेटा धरून सरपंच, सगळं गाव त्या बंद दाराकडे बघत उभं राहिलं. काय करावं ते न सुचून काळूनं बंद दाराचा फोटो काढला. बँडवाल्यांना वाटलं, झालं उद्घाटन. त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

वाजवणं संपता संपता भागीबाई बाहेर आली. समोर एवढा जमाव बघून ती दचकली, मग पदर खोचून म्हणाली, "पानी झ्याक येतंय. कडी तेवढी खाली बसवा, लय वर झालीय." आणि पाटी घेऊन आपल्या जागेवर गेली, कारण मेथी अजून बरीच शिल्लक होती.

तिच्यामागून मिरचीवाली फितीखालून गेली, मग मासळीवाली. चौथीनं फीत तोडूनच टाकली. मंगलाबाईंनी नवऱ्याच्या आणि गोटीरामच्या हातांतून नारळ काढून घेतला, प्रतिभाच्या पिशवीत टाकला आणि दोघी रांगेत उभ्या राहिल्या.

इमारतीवर कोनशिला बसवायची होती. तिच्यावर आधी आण्णांचं नाव की गोटीरामचं, यावर ग्रामपंचायतीत बैठका झाल्या, दोनदा खुर्च्या फेकल्या गेल्या आणि शेवटी दगड कोराच बसवला गेला. जत्रेत दोघांच्या खुर्च्या आता एका ओळीत मांडतात, आणि मांडणारा दोरी लावून सरळ रेषा बघून घेतो. बाजारातल्या बायकांना मात्र त्या जागेला काहीतरी नाव लागतंच. त्या शेजारणीला पाटीवर लक्ष ठेवायला सांगतात आणि म्हणतात, "जरा भागीबाईच्या बंगल्यावर जाऊन येते गं."